मदत हवी आहे: किनाऱ्यावर मेलेल्या समुद्रपक्ष्यांच्या पिसांतला पारा कसा तपासायचा?

नमस्कार मंडळी,

मी सिंधुदुर्गात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. पावसाळ्यात वारा जोराचा सुटला की आमच्या किनाऱ्यावर खोल समुद्रातले पक्षी येऊन पडतात. मास्क्ड बूबी, सूटी टर्न, ब्रायडल्ड टर्न, कधी एखादा शियरवॉटर. जिवंत असलेले वन विभागाकडे जातात, पण बरेच मेलेलेच सापडतात. त्यांच्या पिसांतला पारा, शिसं आणि कॅडमियम मोजावं असं फार मनात आहे. हे पक्षी भर समुद्रातले मासे आणि माकूल (स्क्विड) खाऊन जगतात. त्या पाण्यात काय चाललंय हे किनाऱ्यावरून कळायला दुसरा सोपा मार्ग मला दिसत नाही.

वाचून समजलं ते असं: पाण्यातल्या पाऱ्याचा सूक्ष्मजीवांमुळे मिथाइल पारा होतो आणि लहान मासा, मोठा मासा, पक्षी असा चढत साठत जातो. पीस वाढत असताना रक्तातला मिथाइल पारा केराटिनमधल्या (पीस ज्या प्रथिनाचं बनतं त्यातल्या) गंधकाला घट्ट चिकटतो. पीस पूर्ण वाढलं की त्याचा रक्तपुरवठा थांबतो, म्हणून ती नोंद तशीच राहते.

अडतंय ते पुढे. पीस पंखाचं घ्यायचं की छातीचं? धुवायचं कशाने? एका खासगी लॅबमध्ये विचारलं, तर तिथे पाणी आणि मातीच तपासतात. पिसांचं नाव काढताच "पद्धत तुम्हीच द्या" म्हणाले. शिवाय मेलेल्या पक्ष्याचं पीस १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतं ना?

लॅबवाली

सर, परवानगी आधी. मेलेला असला तरी तो वन्यप्राणीच, आणि पीसही त्यात आलं. उपवनसंरक्षकांमार्फत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज करा आणि पत्र हातात आल्यावरच नमुने घ्या. हातमोजे आणि मास्क हवेतच, बर्ड फ्लूचा धोका असतो.

पिसं छातीची घ्या, एकाच पक्ष्याची पाच-सहा एकत्र करून. पंखाची मोठी पिसं एकामागून एक गळतात आणि नवी येतात. आधी उगवलेल्यात पारा जास्त, नंतरच्यात कमी, कारण मधल्या काळात शरीरातला साठा उतरत जातो. एका पक्ष्याचं पहिलं आणि दुसऱ्याचं सातवं पीस घेतलंत तर तुलनेला अर्थच उरत नाही.

धुण्यासाठी अॅसिटोन आणि डीआयोनाइज्ड (क्षार काढून टाकलेलं) पाणी आलटून पालटून वापरा, मग वाळवा. लॅबला "डायरेक्ट मर्क्युरी अॅनालायझर आहे का" एवढंच विचारा. त्यात नमुना जाळून वाफेतला पारा सोन्यावर पकडतात आणि मोजतात. आम्लात विरघळवायची भानगड नाही, काही मिलिग्रॅम पुरतात. सोबत केसांचा प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातला पारा आधीच माहीत असतो असा) चालवायला सांगा, केसही केराटिनच.

शिसं आणि कॅडमियम मात्र पिसांवरून ठरवू नका. ते हवेतून, पाण्यातूनही पिसावर बसतं आणि धुऊन पुरतं जात नाही. शव ताजं असेल आणि परवानगीत तसं लिहिलं असेल, तर कॅडमियमसाठी मूत्रपिंड आणि शिशासाठी हाड घ्या.

अजून एक. पिसांत ग्रॅममागे ५ मायक्रोग्रॅम पारा ही धोक्याची पातळी तुम्हाला सगळीकडे दिसेल. पण समुद्रपक्षी यकृतात सेलेनियमच्या मदतीने पारा बऱ्याच प्रमाणात निष्प्रभ करतात. आकडा ५ च्या वर गेला म्हणून पक्षी पाऱ्याने मेला असं लिहू नका. पीस उगवतानाचं सांगतं, मरतानाचं नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार, ताई. संग्रहालयातल्या जुन्या पक्ष्यांशी तुलना करता येईल का?

लॅबवाली

येईल, पण फक्त मिथाइल पारा मोजून. पूर्वी कातडी टिकवायला पाऱ्याचे क्षार लावत, त्यामुळे एकूण पारा फसवा निघतो. ब्लॅक-फूटेड अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या १८८० ते २००२ मधल्या पिसांवर असंच काम झालं, ते २०११ मध्ये छापून आलं, आणि त्यात मिथाइल पारा वाढत गेलेला दिसला. आणि कोकणच्याच पाण्याचं कळायला हवं असेल तर वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकांवरच्या टर्नच्या पिल्लांची पिसं जास्त उपयोगी, कारण त्यांना आईबाप आसपासचाच मासा भरवतात. अर्जात तेही आत्ताच घाला.