सहकारी अध्ययन: वर्गात काय चालतं, कुठे अडतं?

गटकार्य सगळेच घेतात. पण चौघांत एकटा लिहितो आणि तिघे बघत बसतात, त्यावर काय करता? इयत्ता, पट, वेळ यांसह लिहा.

सातवी, विज्ञान, पट ३६
जिगसॉ पद्धत. एलियट ॲरनसन यांनी ती १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत आणली, वेगवेगळ्या वंशांची मुलं तेव्हा नुकतीच एका वर्गात आली होती. धड्याचे चार भाग करा, चौघांचे नऊ मूळ गट पाडा, गटातल्या प्रत्येकाला एकेक भाग द्या. मग एकेका भागाची नऊ मुलं तज्ज्ञगटात जमतात. नऊ जणांत चर्चा होत नाही, पाच आणि चार असे दोन गट करा. तज्ज्ञगटाला १२ मिनिटं, मूळ गटात परतल्यावर आपला भाग इतर तिघांना शिकवायला प्रत्येकाला ४. एका तासिकेत हे मावत नाही, जोडतासिकाच हवी.

खरा धोका चुकीच्या समजुतीचा. 'पाणी उकळलं तरच वाफ होते' असं तज्ज्ञगटात ठरलं, की तीच चूक चार-पाच मूळ गटांत पोचते. मुलं उठण्याआधी प्रत्येक तज्ज्ञगटाला विचारा: पुसलेल्या फरशीवरचं पाणी कुठे गेलं? उत्तर अडखळलं तर तिथेच थांबवा.

सहावी, गणित
चौघांना १ ते ४ क्रमांक. फळ्यावर ३/४ + १/६. तीन मिनिटं कुजबुज, मग चिठ्ठी काढायची, ज्याचा क्रमांक निघेल त्याने गटातर्फे सांगायचं. कोणता क्रमांक निघणार हे आधी कळता कामा नये. नुसतं उत्तर विचारलं तर हुशार मूल '११/१२' कानात सांगून मोकळं होतं. म्हणून विचारायचं, छेद १२ का घेतला? ४/१० म्हणणारा गट हमखास निघतो. ४/१० तर ३/४ पेक्षाही लहान, मग बेरीज कमी कशी झाली, हे त्यांनाच शोधू द्या.

तिसरी-चौथी, द्विशिक्षकी शाळा
इथे चौघं नकोत, जोडीच बरी. जोडीला एकच पाटी. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं, दर गणिताला अदलाबदल. मुलं समोरासमोर बसली तर एकाला पाटी उलटी दिसते, सतरंजीवर शेजारी-शेजारी बसवा.

नववी, गुणदान
गटाला सरसकट गुण देऊ नका, पालकांची तक्रार रास्तच असते. चाचणी प्रत्येकाची वेगळी. गटाचं कौतुक करायचं ते प्रत्येकाने स्वतःच्या मागच्या गुणांपेक्षा किती मजल मारली यावर. त्यामुळे ८ वरून १२ वर आलेलं मूल गटाला हवंहवंसं वाटतं.

पहिल्या प्रतिसादाला (सातवी, विज्ञान) पुरवणी
कुणी गैरहजर असेल तर त्याचा भाग शेजारच्या गटातल्या तज्ज्ञाकडून दोन्ही गटांनी एकत्र ऐकावा. शिक्षकांनी तो सांगू नये.