विश्वामित्रीतल्या मगरी उचलून आजव्याला सोडल्या तर?

दांडियाबाजारकर:
ऑगस्ट २०२४ च्या पुरात बडोद्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर आली होती, चांगली सात-आठ फुटी, रेस्क्यूवाले येईपर्यंत आई जिन्यावरून खाली उतरली नाही. तेव्हापासून मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकच, विश्वामित्री नदीतल्या सगळ्या मगरी आजव्याच्या धरणात सोडा. मला त्यांचा राग नाहीये हो, लहानपणापासून काळा घोड्याच्या पुलावरून बघतोय. पण खरंच सोडल्या तर प्रश्न सुटेल का?

मांजलपूरची:
नाही सुटणार दादा. नदी पावागडातून निघते, आपल्या गावातून वळणं घेत पुढे ढाढर नदीला मिळते, मगरीसाठी ती सगळी एक सलग वाट. आजव्यात मगरी आधीच आहेत, आणखी नेऊन टाकल्या की जागेवरून मारामाऱ्या, आणि जोराचा पाऊस झाला की आजव्याचं पाणी याच नदीत येतं. इथली रिकामी जागाही दुसरी मगर येऊन धरतेच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती शेड्यूल एकमध्ये आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण, आपण ठरवून उचलता येत नाही.

कोतरवाला:
ताईंचं बरोबर, पण खरी गोष्ट काठाची आहे. मातीचा उभा काठ असेल तर मगर बीळ करते, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावर खड्डा करून अंडी घालते, आणि खड्ड्यात ऊब किती यावर पिल्लू नर की मादी ते ठरतं, म्हणजे कुठे ऊन कुठे झाडाची सावली असा काठ लागतो. सिमेंटची भिंत घातली की हे सगळं संपलं. आणि कोतरं, म्हणजे नदीकाठच्या घळी! पुराचं पाणी तिथे पसरतं, त्याचा जोर कमी होतो, मगरीही तिथेच आडोसा धरतात. कोतर बुजवलं की पाणी आणि मगर दोघं तुमच्या गेटवर.

अलकापुरी६२:
हे ऐकायला ठीक, पण नातवंडं खेळतात तिथे.

कोतरवाला:
काका, भीती खरीच आहे. म्हणूनच म्हणतो, कुंपण घरांकडून घाला, काठ नका बांधू. पेंचजवळ नागपूर-सिवनी हायवे उचलून खालून जनावरांना नऊ ठिकाणी वाट ठेवली, वाघसुद्धा जातात त्यातून. वाट असली की जनावर तीच धरतं.

दांडियाबाजारकर:
आत्ता आईला विचारलं. पार्किंग आहे तिथे आधी कोतर होतं म्हणे, मी शाळेत असताना भराव घातला. मागच्या बाजूला थोडं उरलंय, त्यावर भिंत घालायचा ठराव रविवारी आहे. कोतरवाला, येऊन समजावाल का आमच्या लोकांना?