उन्हाळी सुट्टीत कॅराव्हॅनने कोकण किनारा : लातूरहून निघताना मार्ग कसा आखावा?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही घरची सहा माणसे कॅराव्हॅन भाड्याने घेऊन कोकणच्या किनाऱ्याने आठवडा-दहा दिवस फिरण्याचा विचार करीत आहोत. सोबत माझ्या सासूबाई आहेत. त्यांना गुडघ्यांमुळे दररोज नव्या लॉजचे जिने चढणे जमत नाही आणि औषधे वेळेवर घ्यावी लागतात, म्हणून झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय गाडीतच असावी असे वाटते. मुलांनी अजून समुद्र पाहिलेला नाही.

नकाशावर पाहता रायगडमधील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंतचा सागरी मार्ग सलग करावा असे मनात आहे. मात्र एवढी उंच आणि लांब गाडी त्या रस्त्यांवर सगळीकडे जाते का, कोणत्या घाटाने खाली उतरावे, रात्री गाडी कुठे उभी करावी आणि लातूरच्या उन्हातून निघून किनाऱ्यावर गेल्यावर हवा कितपत सुसह्य असते, याची माहिती हवी आहे. गाडी पुण्याहून मिळणार आहे. ती लातूरला मागवून घ्यावी की आम्हीच पुण्याला जावे, हेही ठरत नाही. ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मूळ परभणी, मुक्काम रत्नागिरी

ताई, नमस्कार. नोकरीनिमित्त बरीच वर्षे किनाऱ्यावर राहत असल्यामुळे आणि दर मे महिन्यात परभणीकडचे पाहुणे येत असल्यामुळे या प्रश्नाचा विचार मला अनेकदा करावा लागला आहे. माझे स्पष्ट मत असे की रेवस ते रेडी हा बेत या गाडीसाठी आणि आपल्या सासूबाईंसाठी सोडून द्यावा. कॅराव्हॅनचा खरा उपयोग एका जागी दोन-तीन दिवस बिऱ्हाड मांडून राहण्यात आहे. दररोज शंभर किलोमीटर खाडीकाठचा वळणावळणाचा रस्ता कापत राहिलात तर सगळा दिवस गाडीत जाईल, आणि गाडीतली सोय असूनही सासूबाई थकतील.

उत्तरेकडच्या भागात मोठी अडचण खाड्यांची आहे. आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यावी लागते, नाहीतर खाडीला मोठा वळसा पडतो. काही ठिकाणी पुलांची कामे हाती घेतली आहेत, त्यामुळे निघण्याआधी ताजी चौकशी करावी. फेरीबोटीवर मोठ्या गाड्याही जातात, परंतु कॅराव्हॅनचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे आलेला असतो. ओहोटीला पाणी खाली गेले की धक्क्याचा उतार तीव्र होतो, आणि तो भाग खाली घासण्याचा धोका असतो. म्हणून फेरीबोटीने जायचेच असेल तर भरतीच्या आसपासची वेळ धरावी.

इथली जुनी माणसे तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार, अष्टमी असेल तर सहा, आणि पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी धरली तर सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांच्या थोडे पुढे पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे आणि ठिकाणानुसार वेळ पुढेमागे होते, त्यामुळे नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ताच पाहावा. पण घरात पंचांग असतेच, आणि बेत आखताना एवढ्यावर बरेच काम भागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खालीही जाते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी अडचण गावांतल्या रस्त्यांची आहे. दिवेआगर, केळशी, आंजर्ले ही गावे नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून वसलेली आहेत. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंती, वर झुकलेल्या झावळ्या आणि विजेच्या तारा, आणि समोरून एसटी आली तर कोणीतरी मागे जायचे, असा तो प्रवास असतो. छोट्या मोटारीला तो आनंदाचा वाटतो. पावणेतीन-तीन मीटर उंचीची गाडी चालवणाऱ्यासाठी मात्र तो सतत ताणाचा असतो.

म्हणून मी रत्नागिरी ते मालवण हा पट्टा सुचवेन. गणपतीपुळे, आरे-वारे, पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, कुणकेश्वर, आचरा, मालवण आणि तारकर्ली असा तो क्रम आहे. या भागातल्या खाड्यांवर पूल असल्यामुळे फेरीबोट लागत नाही, आणि रत्नागिरीपासून मालवणपर्यंतचे अंतर साधारण पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटरच आहे. गणपतीपुळे, कुणकेश्वर आणि तारकर्ली अशा तीनच जागी मुक्काम करा आणि मधली ठिकाणे जाता जाता पाहा. तिन्ही जागी राज्य पर्यटन महामंडळाची निवासस्थाने आहेत. तिथे किंवा एखाद्या घरगुती निवासात आगाऊ बोलून आवारात गाडी उभी करण्याची आणि वीजजोडणीची परवानगी घ्यावी. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, तरी प्रत्येक गावी तयार तळ मिळेल असे गृहीत धरू नये.

लातूरहून थेट निघणार असाल तर नागपूर-रत्नागिरी महामार्ग सोयीचा आहे. औसा, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट. पहिल्या रात्री कोल्हापूरच्या आसपास थांबून घाट सकाळी उतरावा. रुंदीकरणाच्या कामांमुळे रस्त्याची त्या आठवड्यातली स्थिती कोल्हापुरातच विचारून घ्यावी.

काळाविषयी सांगायचे तर मेचे पहिले दोन-तीन आठवडेच धरावेत. महिनाअखेरीस वळवाच्या सरी येऊ लागतात, समुद्र खवळतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या व जलक्रीडा पावसाळ्यासाठी बंद होतात. मोसमी पाऊस दक्षिण कोकणात साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. लवकर गेल्याचा आणखी एक लाभ म्हणजे हापूस संपत आलेला नसतो.

गोदातीर (नांदेड, वाहन व्यवसाय)

वरील मार्गाविषयीच्या सल्ल्याशी मी सहमत आहे, मात्र गाडी लातूरला मागवण्याच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. भाड्याच्या गाडीचे किलोमीटर बहुधा मालकाच्या आवारापासून मोजले जातात आणि परत तिथे पोहोचेपर्यंत चालू राहतात. पुणे-लातूर जाण्यायेण्याचे अंतर फुकट आपल्या हिशेबात येईल, शिवाय अशा गाड्या लिटरला दहा किलोमीटरच्या आतच धराव्यात. त्यापेक्षा लातूर-मुंबई रेल्वेने रात्री निघून पुण्यात उतरावे. सासूबाईंना आडवे होऊन येता येईल. पुढे सातारा-कऱ्हाड-कोल्हापूर हा रस्ता मोठ्या गाडीला सोपा आहे.

गाडी ठरवताना प्रथम नंबरपाटी पाहावी. चालकासह मिळणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेणे बेकायदेशीर आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे वाहन चालवता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याबाबतची शंका दूर केली आहे. परंतु परवाना असणे आणि घाटात एवढी गाडी उतरवण्याचा सराव असणे यांत अंतर आहे. आपल्याकडे सपाट रस्त्याची सवय असते, म्हणून मी आग्रहाने सांगेन की चालकासहच गाडी घ्यावी.

उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून पकड सोडतो. पाण्याची टाकी घाटात पूर्ण भरलेली किंवा जवळजवळ रिकामी असावी, कारण अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी वळणावर हिंदकळते आणि गाडी झुकते. स्वयंपाकाच्या गॅसचा कॉक प्रवासात बंद असावा. गाडी चालू असताना कोणीही पलंगावर झोपू नये. सासूबाईंनाही पट्टा असलेल्या आसनावरच बसवावे, आणि दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून त्यांना थोडे पायी चालू द्यावे.

आता उन्हाचे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, किनाऱ्यावर तो ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. तरीही हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही आणि रात्रही आपल्याकडच्या गच्चीवरच्या रात्रीसारखी कोरडी होत नाही. पत्र्याच्या बंद गाडीत झोपायचे तर वातानुकूलन लागणारच. इथे हिशेब समजून घ्यावा. बारा व्होल्टच्या दोनशे अँपिअर-तास बॅटरीत जेमतेम २.४ युनिट वीज मावते, आणि एक टनाचे यंत्र तासाला एक युनिटच्या आसपास घेते. म्हणजे बॅटरीवर दोन तास. रात्रभरासाठी जनित्र किंवा बाहेरची वीजजोडणी हवी, म्हणून मुक्कामाच्या जागी सोळा अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेट आहे का हे आधी विचारावे आणि स्वतःची लांब, जाड वायर सोबत ठेवावी.

अजिंठ्याकडचा (छत्रपती संभाजीनगर)

आम्ही कुटुंबासह उत्तरेकडचा किनारा केला आहे, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर एवढेच करायचे ठरवले तर एकही फेरीबोट लागत नाही आणि परतीचा प्रवासही कमी होतो. ज्यांच्याकडे चार-पाचच दिवस आहेत त्यांनी हा विचार अवश्य करावा. आपल्याकडे आठवड्याहून अधिक काळ असल्यामुळे मात्र मालवणचाच बेत योग्य वाटतो.

कुठेही गेलात तरी गाडी वाळूवर उतरवू नये, ही कळकळीची विनंती. जड गाडीची चाके ओल्या वाळूत रुततात, आणि भरती येईपर्यंत ती निघाली नाही तर वाचवणे कठीण होते. प्रशासनाची अनेक ठिकाणी मनाईही आहे. शिवाय वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. उशिरा घातलेल्या अंड्यांतून पिल्ले निघत असतील तर गाडीच्या दिव्यांमुळे ती समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. रेवस-रेडीचा आग्रह सोडून रत्नागिरी ते मालवण, तीन मुक्काम, पुण्यापर्यंत रेल्वे आणि चालकासह गाडी असे आम्ही नक्की केले आहे.

एक काळजी राहते ती पाण्याची. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, तो उन्हाळा आमच्या घरातील कोणीही विसरलेले नाही. कोकणात पाऊस भरपूर पडतो म्हणून तिथे वाटेल तेथे टाकी भरून मिळेल असे घरातले म्हणतात, पण मला खात्री वाटत नाही. तसेच शौचालयाची टाकी कुठे रिकामी करावी? आणि मुले विहिरीत पोहायला शिकलेली आहेत, त्यांना समुद्रात कितपत जाऊ द्यावे?

मूळ परभणी, मुक्काम रत्नागिरी

ताई, आपली शंका अगदी रास्त आहे. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जांभा दगड सच्छिद्र आणि उतार तीव्र असल्यामुळे पाणी फार काळ टिकत नाही, आणि मे महिन्यात इथल्या कित्येक वाड्यांनाही टँकर लागतो. म्हणून वाटेत दिसलेल्या गावविहिरीवर किंवा सार्वजनिक नळावर शंभर-दोनशे लिटरची टाकी भरू नये. मुक्कामाच्या जागीच पाण्याचे आधी बोलून, वेगळे पैसे देऊन घ्यावे. पिण्यासाठी वीस लिटरचे जार रत्नागिरी, देवगड आणि मालवण येथे मिळतात. अंघोळ निवासाच्या न्हाणीघरात केली तर गाडीतले पाणी सासूबाईंच्या रात्रीच्या सोयीसाठी पुरते.

शौचालयाची टाकीही तिथेच, मालकाच्या परवानगीने, शोषखड्ड्याला किंवा सेप्टिक टँकला जोडलेल्या शौचालयात रिकामी करावी. टाकीत औषधी द्रव घालत असाल तर ते आधी सांगावे, कारण काही द्रवांमुळे सेप्टिक टँकमधील कुजण्याची क्रिया मंदावते. खाडीत किंवा रस्त्याकडेच्या ओढ्यात ती कधीही सोडू नये. त्याच खाडीत इथली माणसे खाण्यासाठी तिसऱ्या आणि कालवे हे शिंपले काढतात.

मुलांविषयी मी अधिक सावध राहण्यास सांगेन. विहिरीचे पाणी स्थिर असते, त्यामुळे तिथे शिकलेल्या मुलाला पाण्याची भीती नसते, पण आत खेचणाऱ्या प्रवाहाची ओढ कशी असते हे ठाऊक नसते. गणपतीपुळ्याच्या समुद्रात बुडण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत, तिथे मुलांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नये. ओहोटी लागल्यावर, संध्याकाळी आणि जीवरक्षक नसताना पाण्यात उतरू नये. चुकून ओढीत सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झुंजत न येता किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडावे, हे मुलांना निघण्याआधीच घरी समजावून सांगावे. तारकर्लीतही स्थानिक मच्छीमारांना त्या दिवशी कोठे उतरावे हे विचारूनच पाण्यात जावे, आणि त्यांनी नको म्हटले तर त्या दिवशी किल्ला पाहून यावा.