निवृत्तीची पुंजी : 50 लाख ॲन्युइटीत घालावेत का?

मुलुंडपूर्व

नमस्कार. मी मुलुंडला राहतो, 1998 पासून एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरीस आहे आणि पुढील वर्षी 58 पूर्ण होऊन निवृत्त होईन. तोपर्यंत भविष्यनिर्वाह निधीत साधारण 62 लाख आणि पीपीएफमध्ये 14 लाख जमलेले असतील. पत्नी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असून तिला स्वतःचे उत्पन्न नाही. मुलगी कमावती आहे, डोक्यावर कर्ज नाही आणि घरखर्च महिना 45 हजारांच्या आसपास जातो.

ओळखीच्या विमा एजंटाने 50 लाखांची ॲन्युइटी (विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन तहहयात ठरावीक हप्ता घेण्याची योजना) सुचवली आहे, तीही माझ्या पश्चात मूळ रक्कम वारसाला परत देणारी. त्याने दिलेल्या कोष्टकानुसार महिना सुमारे 27 हजार तहहयात मिळतील आणि मुद्दल शाबूत राहील. माझा कल तिकडे आहे, परंतु हा निर्णय नंतर सहजासहजी फिरवता येत नाही, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे. आमची इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, हेही सांगून ठेवतो.

ताळेबंद

मुद्दल शाबूत राहते हे आकड्यापुरते खरे आहे. महागाई 6 टक्के धरली, तर आजच्या 50 लाखांची 25 वर्षांनंतरची खरेदीची ताकद पावणेबारा लाखांच्या आत येते, आणि तुमच्या 27 हजारांची ताकद बारा वर्षांतच निम्मी होते, कारण साध्या ॲन्युइटीचा हप्ता कधीच वाढत नाही. मुद्दल परत करायचे असल्यामुळे विमा कंपनी दरही कमी देते. म्हणजे कमावत्या मुलीला वारसा मिळावा म्हणून तुम्ही दोघे जन्मभर कमी पैशांत राहणार. हा सौदा मला पटत नाही. त्याहून गंभीर बाब अशी, की कोष्टक केवळ तुमच्या एकट्याच्या आयुष्यावर असेल तर तुमच्या पश्चात पत्नीचा मासिक हप्ता बंद होईल आणि हातात एकरकमी पैसे येतील. ते कुठे गुंतवायचे, हे त्यांनी त्या वयात, त्या मनःस्थितीत ठरवायचे.

आधी जिथे दर चांगला आहे तिथल्या मर्यादा भरून घ्याव्यात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि सध्याच्या 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 61,500, म्हणजे महिना 20,500 रुपये होतात. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत संयुक्त खात्याची मर्यादा 15 लाख असून 7.4 टक्क्यांनी महिना 9,250 येतात. ईपीएसचे, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीला जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेचे पेन्शन मात्र अनेकांच्या अपेक्षेपेक्षा तोकडे निघते, कारण सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेचा हिशेब कमाल 6,500 रुपये वेतनावर आणि नंतरचा कमाल 15,000 वर होतो. वीस वर्षांवरील सेवेला हिशेबात मिळणारी दोन वर्षांची वाढ धरूनही तुमचे पाच हजारांच्या आतच राहील. तरीही हे तिन्ही मिळून 34 हजारांच्या वर जाते आणि भविष्यनिर्वाह निधीतले 17 लाख व पीपीएफ अजून हातात उरतात. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नसल्याने, व्याज करपात्र असल्याची धास्ती तुमच्या बाबतीत फारशी उरत नाही.

ॲन्युइटी पाच-सात वर्षांनी घ्यावी. खरेदीच्या वेळी वय जितके अधिक, तितका दर सहसा चढा मिळतो.

सहीजुळेना

वरील हिशेब बिनचूक आहे, पण तो खिडकीपुढे उभे राहणाऱ्या माणसाचा विचार करत नाही. माझ्या सासूबाईंच्या हाताला कंप सुटल्यापासून मुदत संपलेल्या खात्याची सही नमुन्याशी जुळेना; तीन ओळींच्या अर्जासाठी त्यांना रिक्षाने दोनदा न्यावे लागले आणि स्टुलावर बसवून पुन्हा सह्या घ्याव्या लागल्या. पाच वर्षांच्या योजनांचे हे दुखणे आहे. शिवाय मुदत संपेल तेव्हा दर काय असेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. ॲन्युइटीचा दर खरेदीच्या दिवशी कायमचा ठरतो आणि पैसे थेट बँकेत येतात. वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला की झाले. म्हणून दहा-पंधरा लाखांची ॲन्युइटी आताच घ्यावी, मात्र दोघांच्या आयुष्यावर, पश्चात पत्नीला पूर्ण हप्ता चालू राहील अशी आणि मुद्दल परत न करणारी. एजंटाकडे या पर्यायाचे कोष्टक मुद्दाम मागा. आपणहून ते क्वचितच पुढे येते.

चाळ_ते_टॉवर

पुनर्विकासाचे नुसते सांगून ठेवलेत, पण तुमचा 45 हजारांचा आकडा तिथेच हलणार आहे. लिफ्ट, पंप, यांत्रिक पार्किंग आणि सुरक्षारक्षक यांमुळे नव्या इमारतीचा देखभाल खर्च जुन्याच्या कितीतरी पट होतो. विकासक सभासदांना जो कॉर्पस (एकरकमी निधी) देतो, तो प्रामुख्याने याच वाढीसाठी असतो. त्यातून फर्निचर करण्याचा मोह आमच्या मजल्यावर बहुतेकांना झाला. ती रक्कम स्वतंत्र ठेवीत ठेवून तिच्या व्याजातूनच देखभालीचे बिल भरावे. कंपनीचा गट आरोग्य विमाही नोकरीबरोबर संपतो, तेव्हा स्वतःची पॉलिसी आजच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो.

मुलुंडपूर्व

सर्वांचे आभार. दोघांच्या आयुष्यावरचे कोष्टक मागवले आहे. एक शंका उरते : ज्येष्ठ नागरिक योजनेसाठी वय 60 लागते ना? मी तेव्हा 58 चाच असेन, आणि पत्नी तर 52 ची.

ताळेबंद

55 ते 60 या वयात निवृत्त होणाऱ्यांना सवलत आहे. निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडावे लागते आणि त्या पैशांहून अधिक रक्कम ठेवता येत नाही. तुमच्या 62 लाखांपुढे ती अट आड येत नाही. कंपनीकडून निवृत्तीची तारीख व मिळालेल्या रकमा दाखवणारे पत्र घेऊन ठेवा. पत्नीचे वय कितीही असले तरी संयुक्त खातेदार म्हणून नाव घालता येते, परंतु सगळी ठेव पहिल्या खातेदाराचीच मानली जाते. मुदतीआधी खाते मोडल्यास पहिल्या वर्षात व्याज मुळीच मिळत नाही, दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का रक्कम कापली जाते, म्हणून अडीअडचणीसाठी पीपीएफच बाजूला ठेवा.