हरिकेनचे अनुभव लिहा : तुमच्या मते कुठला सीझन सगळ्यात वाईट?

जून आला की आमच्याकडे तीच चर्चा, यंदा किती वादळं म्हणतायत. अंदाज आले की भारतातून फोन सुरू, "अगं तुमच्याकडे यंदा जास्त आहेत म्हणे". पण नुसत्या आकड्यावरून काय कळतं हो? २०२० ला ३० वादळांना नावं द्यावी लागली, यादी संपून ग्रीक अक्षरांवर गाडी आली, तरी एकूण नुकसान २००५ किंवा २०१७ च्या जवळपाससुद्धा नाही. उलट १९९२ चा सीझन एकदम थंड होता, पहिलं नाव द्यायलाच ऑगस्ट उजाडला, आणि ते पहिलंच निघालं अ‍ॅन्ड्र्यू, मायामीच्या दक्षिणेचं होमस्टेड पार झोपवलं त्याने. तर ज्यांनी प्रत्यक्ष भोगलंय त्यांनी लिहा, कुठलं वादळ, नुकसान कशाने झालं, इन्शुरन्सने किती दिले. न्यूज चॅनलवरचं नको, घरातलं लिहा.

केटीकर

हार्वे, २०१७. तारीख विसरणं शक्यच नाही कारण २५ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती आणि त्याच रात्री ते टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टला कॅटेगरी ४ (वाऱ्याच्या जोरावरून १ ते ५) म्हणून धडकलं. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला, समुद्रापासून लांब, त्यामुळे वारा असा काही नव्हताच. आरती, मोदक सगळं नेहमीसारखं झालं. मग शनिवार रात्रीपासून जो पाऊस लागला तो थांबेचना, रात्रभर फोन टॉर्नेडोच्या इशाऱ्यांनी कोकलत होता, आम्ही सगळे जिन्याखालच्या क्लॉझेटमधे. पण घरात पाणी आलं नाही. मंगळवारी पाऊस ओसरला, आम्ही हुश्श केलं, शेजारचे लोक फोटो काढायला बाहेर पडले, आणि पाणी आलं ते त्यानंतर.

झालं असं की आमच्या मागे बार्कर रिझर्व्हॉयर आहे. एरवी कोरडं ठणठणीत, आत सॉकरची मैदानं, सायकल ट्रॅक. १९४० च्या दशकात ह्यूस्टन डाउनटाउन वाचवायला बांधलेलं, आणि ते पूर्ण भरलं तर पाणी जिथवर येणार त्यातल्या काही जागेवर बिल्डर लोकांनी कॉलन्या उठवल्या. घर घेताना हे कुणी सांगितलं नाही. पाणी दारातून आत येतं असं वाटतं ना? आधी भिंतीच्या कडेचं कार्पेट पायाखाली पचपच करायला लागलं, मग स्कर्टिंगच्या फटीतून बुडबुडे, दार बंदच होतं. गणपती वर बेडरूममधे नेले. पाच दिवसांचा आमचा, विसर्जन त्याच दिवशी, आणि दारात एवढं पाणी असून बादलीत केलं कारण बाहेरच्या पाण्यात ड्रेनेज मिसळलेलं.

पुढचं सगळ्यांचं सारखंच. शीटरॉक (भिंतींचे जिप्समचे पत्रे) चार फुटांपर्यंत कापायचं, आतलं ओलं इन्सुलेशन उपसायचं, घराबाहेर ढीग. होम इन्शुरन्सवाला फोनवर गोड आवाजात म्हणाला, छप्पर उडालं असतं तर दिले असते, पुराची पॉलिसी वेगळी. ती बँकेने मागितली नव्हती कारण नकाशावर आमचं घर पूरक्षेत्रात नव्हतं. माझं मत विचाराल तर कॅटेगरी वगैरे सोडा, पाणी किती ते विचारा.

दादरची आजी

मुलगी तिकडे असते म्हणून वाचते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, तुमच्याकडे किती?

केटीकर

आजी, एका दिवसाचा विचार केला तर मुंबईच भारी! पण हार्वे चार-पाच दिवस हललंच नाही, नेदरलँड नावाच्या गावात ६०.५८ इंच मोजला, म्हणजे १,५०० मिलिमीटरच्या वर. वादळ जोराचं असण्यापेक्षा ते एका जागी बसून राहणं जास्त वाईट.

जुना टेक्सन

मी २००५ ला मत देतो, आणि कत्रिनासाठी नाही, रिटासाठी. कत्रिनात लेव्ही (पुराचे बांध) फुटून न्यू ऑर्लिन्सचं ८० टक्के शहर बुडलेलं टीव्हीवर बघितलं होतं, ती माणसं बसेस भरून ह्यूस्टनलाच आली होती, आणि महिन्याभरात रिटा आपल्याकडे येतंय म्हटल्यावर सगळं शहर एकदम पळालं. हायवे ४५ वर आम्ही, एसी बंद कारण पेट्रोल पुरवायचं, मागच्या सीटवर आई, ती पण पहिल्यांदाच अमेरिकेत, ती म्हणे अरे चालत गेलो असतो तर पोचलो असतो. गाड्या बंद पडून कडेला लावलेल्या, लोक रस्त्यावर चादरी टाकून झोपलेले. वादळात मेले त्यापेक्षा त्या पळापळीत जास्त मेले, वृद्धाश्रमाची एक बस पेटली त्यात २३ गेले. आणि रिटा पूर्वेला वळलं. हार्वेत मेयरने शहर रिकामं करा म्हटलं नाही म्हणून लोक अजून शिव्या देतात, पण ज्यांनी रिटा पाहिलंय ते देत नाहीत.

एडिसन, न्यू जर्सी

सॅण्डी २०१२. गंमत म्हणजे २९ ऑक्टोबरला आमच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा ते कागदोपत्री हरिकेन राहिलंच नव्हतं. आणि ते आमच्या पथ्यावर पडलं! पॉलिसीत हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, घराच्या विम्याच्या रकमेच्या टक्क्यात असतं, गव्हर्नरने ऑर्डर काढली की हे हरिकेन नाही, तो नियम लावायचा नाही. तरी देशाचं नुकसान ६० अब्ज डॉलरच्या वर. आमच्याकडे झाड पडलं, बेसमेंट वाचलं, पण वीज नाही. पेट्रोलला ऑड-इव्हन, नंबरप्लेट बघून. गव्हर्नरने हॅलोविन पुढे ढकललं आणि दिवाळी जवळ आलेली, ज्या मैत्रिणीकडे लाईट आली तिच्या किचनमधे आम्ही सगळ्यांनी मिळून चकल्या तळल्या, बाकीच्यांचे फोन तिथेच चार्जिंगला.

सिनसिनाटीची नर्स

मी कधी वादळ पाहिलं नाही पण मारियाने आमच्यापर्यंत झळ पोचवली. २०१७ च्या सप्टेंबरात प्युर्टो रिको या अमेरिकेच्या बेटाला बसलं, तिथे औषध मिसळून द्यायच्या सलाईनच्या छोट्या बॅगा बनवणारा कारखाना होता. आमच्याकडे बॅगा संपल्या, औषध सिरिंजमधून हळूहळू हाताने द्यायचो. तिकडे वीज पूर्ण यायला जवळजवळ वर्ष गेलं, सरकारी अंदाजात मृत्यू २,९७५. मेनलॅन्डवाले हार्वे-इर्माच आठवतात, म्हणून लिहिलं.

केटीकर

हो हो, हे राहिलंच. हार्वे, इर्मा, मारिया तिन्ही एका महिन्यात. म्हणून तर मी २०१७.

शार्लटहून

२०२४ कसं कुणी लिहिलं नाही? हेलीन लागलं फ्लोरिडाला आणि माणसं गेली आमच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात. ॲशव्हिल समुद्रापासून शेकडो मैल, फ्लोरिडाला कंटाळलेले लोक मुद्दाम तिथे घरं घेत होते. आधीच पाऊस झालेला, त्यावर हे, नद्या घाटातल्या, पसरायला जागा नाही, रस्त्यांसकट गावं वाहून गेली. ॲशव्हिलला नळाचं पाणी पुन्हा पिण्याजोगं व्हायला ५३ दिवस लागले. आमच्या मंडळाने पाण्याचे कॅन नेले तेव्हा तिथली मंडळी म्हणाली आधी फ्लशसाठी द्या, प्यायचं पाणी आहे आमच्याकडे.

शुगरलँड वहिनी

आणि त्याच वर्षी जुलैत आमच्याकडे बेरिल! नुसतं कॅटेगरी १. ह्यूस्टन भागात वीस लाखांवर विजेची कनेक्शनं बंद आणि बाहेर मरणाचं ऊन. फ्रीजरमधला आख्खा आंब्याचा रस गेला. हसू नका.

पुण्याहून

माझा मुलगा ऑगस्टमधे टॅम्पाला मास्टर्सला जातोय. हे सगळं वाचून पोटात गोळा आला. काय बघायचं?

टॅम्पाकर

काकू, घाबरू नका, पण अपार्टमेंट घेताना पत्ता टाकून इव्हॅक्युएशन झोन बघायला सांगा. ए म्हणजे सगळ्यात आधी निघायचं. इन्शुरन्सचा फ्लड झोन वेगळा आणि हा वेगळा, मुलं गोंधळ करतात. इथे पाण्यापासून पळायचं असतं, वाऱ्यापासून लपायचं, म्हणजे दूर जायची गरज नाही, उंचावरच्या मित्राकडे पाच-दहा मैलांवर गेलं तरी चालतं. आणि बातम्यांत वादळाच्या अंदाजित मार्गाची रेघ टॅम्पावरून जात नाही म्हणून निवांत बसायचं नाही, २०२२ ला इयान टॅम्पाला येणार येणार म्हणता म्हणता खाली फोर्ट मायर्सला गेलं, तिथे उद्ध्वस्त करून टाकलं. पासपोर्ट आणि आय-२० (स्टुडंट व्हिसाचा युनिव्हर्सिटीचा कागद) झिपलॉकमधे, गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली नाही. दशम्या, चिवडा द्याच बरोबर, वादळाच्या आदल्या दिवशी इथे ब्रेड मिळत नाही.