शिष्यवृत्तीने अर्धंच काम होतं

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रमांना कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची) मुलं कमी येतात, तर शिष्यवृत्त्या वाढवा, असं सुचवलं जातं. मान्य, पण फी भागली तरी शेवटच्या सत्रातलं 'स्टुडंट टीचिंग', म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, उरतंच. दिवसभर शाळेत उभं राहायचं, रात्री पाठटाचणं काढायची आणि बहुतेक ठिकाणी हातात दमडीही नाही. नोकरी करून शिकणारा नेमका इथेच गळतो. वर 'प्रॅक्सिस'सारख्या शिक्षकी परवान्याच्या परीक्षेचं शुल्क. नापास झालात तर पुन्हा भरा!

साउथ कॅरोलिनातल्या क्लेमसन विद्यापीठाचा 'कॉल मी मिस्टर' हा उपक्रम मला म्हणून पटतो. कृष्णवर्णीय पुरुषांना प्राथमिक शिक्षक करायचं म्हणून तो २००० च्या सुमारास सुरू झाला, तोही बेनेडिक्ट, क्लॅफ्लिन आणि मॉरिस या परंपरागत कृष्णवर्णीय कॉलेजांना सोबत घेऊन. फीला हातभार आहेच, पण मुलं एका तुकडीने एकत्र शिकतात, अभ्यासाला आधार मिळतो आणि पुढे नोकरी शोधायलाही मदत होते. वर्गात आपल्यासारखं दुसरं कुणीच नसणं किती जड जातं, हे भरतीची पत्रकं छापणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

(१९५४ च्या 'ब्राउन' निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा एकत्र झाल्या, तेव्हा दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांना घरी बसवलं गेलं. आजच्या तुटवड्यात त्याचाही वाटा आहे.)

आणि भरती फक्त बारावीतून कशाला? वर्गात मदतनीस म्हणून वर्षानुवर्षं काम करणाऱ्या, मुलांची भाषा बोलणाऱ्या बायका शाळेतच आहेत. त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग काढा, त्यांची मदतनिशीची नोकरीच स्टुडंट टीचिंग म्हणून धरा.