मदत हवी आहे: टंगस्टनची तार फुटते, पण गाभ्याची वाफ होत नाही

५० मायक्रॉन व्यासाची, ४ सेंमी लांबीची टंगस्टन तार निर्वातात, कपॅसिटरचा करंट एकदम सोडून फोडतो आहोत. कपॅसिटर १ मायक्रोफॅरड, २० किलोव्होल्ट. सर्किटचं इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) अंदाजे १ मायक्रोहेन्री. म्हणजे साठा २०० जूल. तारेचं वजन जेमतेम दीड मिलिग्रॅम, पूर्ण वाफ व्हायला ७ जूल पुरेत. तरी लेझर शॅडोग्राफमध्ये (लेझरने घेतलेल्या सावलीच्या फोटोत) मधोमध काळी रेघ, म्हणजे वाफ न झालेला गाभा, उरतेच. तारेवरचं व्होल्टेज शंभरेक नॅनोसेकंद चढतं आणि धाडकन कोसळतं. चार्जिंग व्होल्टेज वाढवू का?

प्रतिसाद १
ते २०० जूल कपॅसिटरमध्ये आहेत, तारेत नव्हे. व्होल्टेज कोसळतं त्या क्षणी तारेच्या पृष्ठभागावरून ब्रेकडाउन झालेलं असतं, म्हणजे करंटला तारेबाहेरून वाट मिळालेली असते. तापलेलं टंगस्टन इलेक्ट्रॉन सोडतं, पृष्ठभागाला चिकटलेला हायड्रोजन आणि पंपाच्या तेलाची वाफ सुटते, त्यातून चाप (विद्युत आर्क) पेटतो. पुढचा करंट त्या आवरणातून जातो, गाभ्याचं तापणं जवळपास थांबतं. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या झेड या प्रचंड करंट-स्पंदाच्या यंत्रात शेकडो तारांचंही हेच होतं. तुमची एकटी तार त्यातून कशी सुटणार!

ब्रेकडाउनआधीच गाभ्यात ऊर्जा घालायची, म्हणून खरी शर्यत करंट किती वेगाने चढतो याची आहे. आत्ता ती २० किलोव्होल्ट भागिले १ मायक्रोहेन्री, म्हणजे फार तर २० अँपियर प्रति नॅनोसेकंद. केबल काढून रुंद तांब्याच्या पट्ट्या समोरासमोर बसवा, मध्ये मायलर (इन्सुलेशनची प्लास्टिक फिल्म). २०० नॅनोहेन्रीपर्यंत आलात तर १०० मिळतील. पट्ट्यांच्या कडेला मायलर दोन-तीन सेंमी बाहेर ठेवा, नाहीतर ठिणगी तिथूनच उडेल.

पृष्ठभागावरचा हायड्रोजन आणि तेल आधीच उडून जावं म्हणून शॉटआधी तार निर्वातातच डीसीने मंद लाल करून काही मिनिटं ठेवा. या जाडीला ०.१५ अँपियरच्या आसपास लागेल. चार्जिंगआधी तो सप्लाय वायरीसकट काढायचा, नुसता बंद करून भागत नाही. काही मायक्रॉन पॉलिइमाइडचा (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेटिंग प्लास्टिकचा) थर दिलेली तार मिळाली तर ब्रेकडाउन आणखी लांबतं.

धागाकर्ता
व्होल्टेज × करंट बेरजेने ब्रेकडाउनपर्यंत ३ जूल येतात. मग ते बरोबर का?

प्रतिसाद २
डिव्हायडर (व्होल्टेज मोजायचं साधन) तारेच्या टोकांवर असला तरी तारेचं स्वतःचं इंडक्टन्स आहेच. परतीचा वाहक २ सेंमीवर असेल तर सुमारे ५० नॅनोहेन्री, म्हणजे सुरुवातीलाच १ किलोव्होल्ट फुकटचे, तार न तापवणारे. इंडक्टन्स गुणिले करंटच्या चढीचा दर वजा करा, मगच बेरीज. सर्किटचं इंडक्टन्सही मोजाच: तारेजागी जाड तांब्याची सळई लावून कमी व्होल्टेजवर शॉट घ्या. आंदोलनाचा काळ ६.३ मायक्रोसेकंद आला तर १ मायक्रोहेन्री बरोबर. रोगोव्स्की कॉइल (करंट मोजणारं वेटोळं) आणि डिव्हायडरच्या केबलींची लांबी सारखी ठेवा. एक मीटर फरक म्हणजे ५ नॅनोसेकंद सरक.

आणि सळई बदलायला हात घालण्याआधी कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करून अर्थिंग रॉड (जमिनीला जोडलेली दांडी) टर्मिनलवर टांगलेलाच ठेवा.